दुसऱ्या वर्षाचा हजेरीपट

जून २०१८. पाऊस लागून आठवडा झाला होता. स्टाफरूमच्या टेबलावर मॅडमनी दोन हजेरीपट शेजारी शेजारी उघडले होते. एक गेल्या वर्षीचा, बी.एस्सी. भाग एकचा. दुसरा नुकताच आखलेला, भाग दोनचा. एका हातात फूटपट्टी, दुसऱ्या हातात पेन्सिल. पहिल्यातलं नाव वाचायचं, दुसऱ्यात शोधायचं. सापडलं की पट्टी खाली सरकायची, नाही सापडलं की नावापुढं बारीक फुली.

मॅडम समाजशास्त्राच्या. विज्ञान शाखेच्या हजेरीपटाशी त्यांचा संबंध एवढाच की त्या प्रवेश समितीवर होत्या आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडं होती. मी तेव्हा त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. फुल्या मोजून झाल्यावर त्यांनी पट माझ्याकडं सरकवला. मुलगेही गळले होते, पण त्यातले बरेचजण फार्मसीला, पॉलिटेक्निकला गेल्याचं वर्गातल्या पोरांना माहीत होतं. अकरा मुली मात्र कुठं गेल्या ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक हजेरीपटाच्या शेवटच्या दोन पानांवर होत्या.

"शेवटच्या पानांवरच का?" मॅडमनी विचारलं. मला त्या प्रश्नाचा अर्थच तेव्हा लागला नाही.

ही कोल्हापुरातल्या एका जुन्या अनुदानित महाविद्यालयातली गोष्ट आहे. त्यातल्या माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. उच्च शिक्षणातल्या समतेचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकाच्या वाट्याला नेमकं काय काम येतं, त्याची किंमत कोण मोजतं आणि ती मोजावी का, हे तरुण सहकाऱ्यांसमोर एकदा सविस्तर मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

मॅडम भुदरगड तालुक्यातल्या. बारावीनंतर राजारामपुरीत मावशीच्या घरी राहून शिकल्या. पहाटे उठून मावशीच्या घरचं पाणी भरायचं, मग कॉलेज. शिवाजी विद्यापीठातून एम.ए., पुढं सेट ही पात्रता परीक्षा आणि नोकरी. पीएच.डी.चा विषय होता महाविद्यालयीन प्रवेशांमधलं मागास प्रवर्गांचं प्रमाण. त्या पिढीतल्या बहुतेक अभ्यासकांची सुरुवात तिथूनच झाली, आणि ते साहजिकच होतं. १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं मागास वर्गांसाठी खास तरतुदींना मुभा देणारं १५(४) हे कलम आलं, ओबीसींच्या आरक्षणावरचा १९९२चा इंद्रा साहनी निकाल झाला, २००५च्या ९३व्या घटनादुरुस्तीनं खासगी संस्थांनाही प्रवेशाच्या प्रश्नात आणलं. पन्नास वर्षांचा सगळा झगडा दाराशी चालला होता. आत कोण येतं, किती येतात, कुठल्या प्रवर्गातून येतात. मॅडमनी हे आकडे वीस वर्षं इमानेइतबारे गोळा केले. त्यांचे लेख वाचले जात, चर्चासत्रांची बोलावणी येत.

मग तो जून आला.

दाराशी मोजलेली समता आणि आतली समता यांत काय फरक पडतो, हे समजायला आकडे कसे तयार होतात ते पाहावं लागतं. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात जो जीईआर दरवर्षी छापून येतो, तो म्हणजे १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी एकूण नोंदणीचं प्रमाण. २०२१-२२ला तो देशात २८.४ होता. मुलींचा २८.५, म्हणजे एकूण प्रमाणापेक्षा किंचित वरच. अनुसूचित जातींचा २५.९, अनुसूचित जमातींचा २१.२. हे आकडे खोटे नाहीत आणि वाढताहेत ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण जीईआरला माणूस ओळखता येत नाही. यंदा पहिल्या वर्षातून एक मुलगी गेली आणि दुसरी आली तर आकडा जागचा हलत नाही.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचंही तसंच. २०१७ला आलेल्या चौकटीत राखीव जागांपैकी किती भरल्या हे विचारायचे, आणि शेवटच्या वर्षाचा निकाल विचारायचे. निकालाची टक्केवारी काढताना छेदस्थानी असायचे शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी. दुसऱ्या वर्षाआधीच गेलेली मुलगी अंशात नसते आणि छेदातही नसते. दुबळे विद्यार्थी गळाले की महाविद्यालयाचा निकाल उलट सुधारतो. मॅडमनी हे फळ्यावर गणित करून मला दाखवलं होतं आणि खडू ठेवून त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या होत्या.

ऑफिसात दाखल्यांची फाइल होती. दाखला मागायच्या अर्जावर कारणाचा रकाना असतो. ज्या मुलींनी दाखले नेले होते त्यांच्या अर्जांवर एकाच शाईत, क्लार्कच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "घरगुती कारण". दोन ठिकाणी "विवाह". फाइल तिथं संपत होती.

त्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मॅडमनी रविवारी गावं धरली. पश्चिमेकडचा सगळा डोंगरी पट्टा. कधी एसटीनं, कधी माझ्या गाडीवर मागं बसून. काही घरांत चहा मिळाला, एका घरात कुणी बोललंच नाही. मुलाखतीची प्रश्नावली त्यांनी तिसऱ्याच रविवारी पिशवीत ठेवून दिली, कारण कागद काढला की आया दारातूनच "समदं बरं हाय" म्हणायच्या.

एका घरी लग्न होऊन गेलेल्या मुलीची आई भेटली. दाखल्यावर कारण "विवाह". मॅडमनी सहज विचारलं, "लग्न ठरलं म्हणून कॉलेज सोडलं का हिनं?"

"न्हाई वो बाई," ती म्हणाली. "कालीज सुटलं. मग घरात बसवून काय करायचं, म्हणून लगीन केलं."

परतीच्या गाडीत मॅडमनी हे वाक्य डायरीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. आपल्याकडच्या कितीतरी अहवालांत "मुलींच्या गळतीचं कारण: लवकर विवाह" असं छापलेलं असतं. माझ्याही प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात होतं. कारण आणि परिणाम यांची जागा एका आईनं उंबऱ्यावर बसून दुरुस्त करून दिली. सगळ्याच घरी असंच असेल असं नाही, पण दाखल्यावरच्या शब्दावर विश्वास ठेवायचे दिवस आमच्यापुरते संपले.

पुढचं घर एका धनगरवाड्यावरचं. मुलगी घरीच होती. तिनं पत्र्याच्या ट्रंकेतून रसायनशास्त्राचं जर्नल काढून दाखवलं. खाकी कव्हर, त्यावर रोल नंबर आणि बॅच: सी. सुरुवातीच्या प्रयोगांवर शिक्षकांच्या तांबड्या सह्या होत्या. दिवाळीनंतरच्या पानांवर सह्या नव्हत्या. एका टायट्रेशनच्या तक्त्यात पहिलं रीडिंग शाईनं, दुसरं शाईनं, तिसऱ्याचा चौकोन रिकामा. पुढच्या प्रयोगातही तेच, त्याच्या पुढच्यातही.

"तिसरं रीडिंग का नाही घेतलंस?"

"गाडी चुकत्या, मॅडम. मी रोज पळतच स्टँडवर यायचो." आमच्याकडच्या मुली अजून "आलो, गेलो"च म्हणतात.

मग एकेक करून उलगडत गेलं. सी बॅचचं प्रॅक्टिकल दुपारी अडीचला सुरू होऊन साडेपाचला सुटायचं. वाडीखालच्या गावापर्यंत थेट जाणारी गाडी होती साडेचारची. त्यानंतरची फाट्यापर्यंतच जायची. फाट्यापासून वाडा तासाभराच्या चालीवर, मधे जंगल आणि गव्यांचा वावर. दिवाळीनंतर दिवस लहान झाला तशी ती पावणेचारलाच ॲप्रन काढून निघू लागली. जर्नल अर्धवट राहिलं. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. लेखी पेपर तिनं दिले, त्यांतले बरेचसे सुटलेही. प्रॅक्टिकल बुडालं, आणि जूनमध्ये ती आली नाही.

वाड्यावरून उतरताना मॅडमना जूनमधल्या त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर मिळालं. प्रवेशाचं सॉफ्टवेअर रोल नंबर इंग्रजी आडनावांच्या क्रमानं पाडतं. बॅचेस रोल नंबरच्या क्रमानं: पहिली तुकडी सकाळी साडेआठला, दुसरी अकराला, तिसरी दुपारी. आणि आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या धनगरवाड्यांवर जी आडनावं घरोघर आढळतात त्यांतली दोन म्हणजे येडगे आणि झोरे. इंग्रजी बाराखडीतली अगदी शेवटची अक्षरं. भटक्या जमाती-क प्रवर्गाच्या साडेतीन टक्के आरक्षणानं त्या मुलीला जागा दिली होती. बाराखडीनं ती काढून घेतली. कुणाच्याही मनात तिच्याबद्दल वाईट नव्हतं. कुणी निर्णयच घेतला नव्हता.

व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७५मध्ये कॉलेज सोडून जाण्याची एक उपपत्ती मांडली. ती अशी की विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात रुजला नाही की निघून जातो. आम्ही वर्गात हे शिकवायचो. मॅडमचं म्हणणं पडलं की ही मुलगी रुजली होती. तिला मैत्रिणी होत्या, रसायनशास्त्र आवडत होतं, जर्नलमधल्या आकृत्या छापल्यासारख्या होत्या. टिंटोच्या मांडणीत विद्यार्थी कॅम्पसवर राहतो असं गृहीत आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या दिवसात सकाळ-संध्याकाळ एक एसटी असते, आणि तीच त्या उपपत्तीत नाही.

अकराही घरांची कारणं एक नव्हती. काहींचं शिष्यवृत्तीवर अडलं. २०१७-१८ हे महाडीबीटी पोर्टलचं पहिलं वर्ष, आणि त्या वर्षी ते किती अडखळलं ते ज्यांनी अर्ज भरले त्यांना सांगायला नको. पैसे आले नाहीत म्हणून ऑफिसनं दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आधी फी भरा म्हणून सांगितलं. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून अशी फी मागायची नसते, पण काउंटरपलीकडं बसलेल्या माणसाला हे ऐकवायची हिंमत सतरा-अठरा वर्षांच्या पोरीत कुठून यावी? दोघींना शासकीय वसतिगृहाची यादी लागायला उशीर झाला, तोवर नातेवाइकांकडं राहणं जमलं नाही. एसटीच्या पासाचंही आहेच. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना मोफत पास मिळतो, पण बारावीपर्यंतच. कॉलेजला सवलतीचा पास, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा घरातून. रक्कम फार नसते. पण घरात दोन मुलं शिकत असतील तर ती कुणाच्या पासावर आधी खर्च होते, हे त्या घरांमध्ये बसल्यावर कळतं.

आता निर्णयाचा भाग. याच वर्षी, १८ जुलै २०१८ला, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीचे नवे विनियम आले. सहयोगी प्राध्यापकाला महाविद्यालयात राहूनच प्राध्यापक होता येईल अशी वाट खुली झाली. अटी होत्या १० शोधनिबंध, त्यांतले किमान ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि ११० संशोधन गुण. मॅडमना दोनच निबंध कमी पडत होते. वीस वर्षांची आकडेवारी हाताशी होती. बसल्या असत्या तर एका उन्हाळ्यात ते झाले असते. त्याच गुणतक्त्यात धोरण-दस्तऐवजाला गुण आहेत: आंतरराष्ट्रीय संस्थेला दिला तर १०, राष्ट्रीय पातळीवर ७, राज्य सरकारला ४. आपल्याच महाविद्यालयाला दिलेल्या अहवालासाठी रकाना नाही.

मॅडमनी तो उन्हाळा अहवालाला दिला. मराठीत लिहिला. मी विरोध केला होता, हे इथं नोंदवतो. म्हटलं, आधी निबंध होऊ देत, पद मिळालं की शब्दाला वजन येईल. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की येत्या जूनला पुन्हा रोल नंबर पडणार आहेत.

अहवाल महाविद्यालय विकास समितीपुढं गेला आणि तिथंच थांबला. नॅकची भेट तोंडावर आली होती. "हा कागद आत्ता नको" असं मॅडमना सांगण्यात आलं. विज्ञानाच्या सहकाऱ्यांना वाटलं की समाजशास्त्राच्या बाईंनी आमच्यावर ठपका ठेवला. स्टाफरूममध्ये मॅडमच्या टेबलाशेजारची खुर्ची काही महिने रिकामी राहिली.

२६ जून २०१९ला महाविद्यालयात शाहू जयंती झाली. दरवर्षीप्रमाणं भाषण मॅडमकडं होतं. १९०२च्या पन्नास टक्क्यांच्या जाहीरनाम्यावर आपण सगळेच बोलतो. त्या वर्षी मॅडम त्याच्या आधीच्या वर्षावर बोलल्या. १९०१ला महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला पाठबळ दिलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ला मुस्लिम बोर्डिंग, पुढं लिंगायत बोर्डिंग, १९०८ला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. नोकरीतल्या राखीव जागांच्या जाहीरनाम्याआधी बोर्डिंग सुरू झालं होतं. खेड्यातल्या पोराला शहरात शाळेची दारं उघडी असून उपयोग नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी नसेल तर ते आठ दिवसांत गावी परत जातं, हे त्या राजाला कळलं होतं. १९१७ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हाही ते मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. दसरा चौकात उभं राहिलं की यातली काही बोर्डिंगं आजही नजरेच्या टप्प्यात आहेत. मग मॅडमनी कुणाचंही नाव न घेता सी बॅच आणि साडेचारची गाडी एवढंच सांगितलं आणि त्या खाली बसल्या.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर ते भाषण मागं उभे राहून ऐकत होते. ते स्वतः पन्हाळ्याच्या बाजूनं रोज येऊन-जाऊन करणारे. दुसऱ्या दिवशी ते स्टाफरूमच्या दारात आले. "मॅडम, सकाळची बॅच आठला उघडायची असली तर मी येतो. माझी गाडी साडेसातला पोचत्या. तेवढं विभागात बोलून घ्या." विभागप्रमुखांशी बोलणं झालं. ते मनानं चांगले होते, दुखावलेले होते एवढंच. प्रथम वर्षाच्या मुलांना कागद वाटून विचारलं: गाव कुठलं, शेवटची थेट गाडी कितीची. ज्यांची गाडी पाचच्या आत, ती सगळी सकाळच्या बॅचला. शहरातली मुलं दुपारी. एक दिवसाचं काम होतं. पैसा एकही लागला नाही.

ऑगस्टमध्ये महापूर आला, मार्च २०२०मध्ये सगळंच बंद झालं. ही व्यवस्था किती उपयोगी पडली याचा धड हिशोब त्यामुळं मांडता येत नाही, आणि मी तो मांडल्याचा आव आणणार नाही. त्या वर्षी सकाळच्या बॅचमधल्या मुलींची जर्नलं वेळेत सर्टिफाय झाली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. २०१८च्या अकराजणींपैकी दोघी परत आल्या. धनगरवाड्यावरची त्यांत होती. तिनं प्रॅक्टिकल दिलं, पुढं पदवी घेतली. लग्न होऊन गेलेली आली नाही. परिचर निवृत्त झाले, वेळापत्रकं बदलली, आणि बॅचेस पुन्हा रोल नंबरवर गेल्या.

मॅडम २०२३ला निवृत्त झाल्या, सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. ते दोन निबंध झाले नाहीत.

या प्रकरणावर मी विद्यार्थ्यांशी अनेकदा बोललो आहे आणि माझं मत दोनदा बदललं आहे. आधी वाटायचं मॅडमनी स्वतःचं नुकसान करून घेतलं. मग वाटू लागलं की त्यांनी केलं तेच बरोबर, बाकी सगळं गौण. आज वाटतं की त्यांच्या दोन चुका झाल्या आणि त्या तरुणांनी टाळाव्यात. पहिली, अहवाल थेट समितीपुढं नेला. ज्या विभागाबद्दल तो होता त्यांना आधी दाखवला नाही. जे एका परिचराशी दारात बोलून झालं, ते आधीच झालं असतं. दुसरी, अहवाल कपाटात राहू दिला. त्यातूनच एक निबंध निघाला असता, मराठीतही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणीतरी तो वाचून आपला हजेरीपट उघडला असता. आपल्या गावच्या कामाला हलकं समजायची सवय त्यांच्यासारख्या बाईंनाही सुटली नव्हती, याचं मला वाईट वाटतं.

पण मोठा दोष त्यांचा नाही. समतेवर संशोधन करा म्हणून आपण निधी देतो, चर्चासत्रं घेतो आणि त्या संशोधनानं आपल्याच संस्थेकडं बोट दाखवलं की त्याला शून्य गुण देतो. मग अभ्यासक दूरचे विषय धरतात. मी हे माझ्या पिढीत पाहतो आहे. देशाच्या आकडेवारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. स्वतःच्या कॉलेजच्या दाखल्यांची फाइल उघडणारा एखादाच.

मी आता त्याच महाविद्यालयात पूर्णवेळ आहे. यंदाच्या जूनमध्ये प्रवेश समिती माझ्याकडं आली. ऑफिसातून प्रथम वर्षाची छापील यादी आणली, रोल नंबर आणि नाव यांच्या पुढं पट्टीनं एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, "शेवटची थेट गाडी". नवा क्लार्क वाकून बघत होता.

"सर, हे सॉफ्टवेअरमध्ये कुठं भरायचं?"

"तिथं जागा नाही," मी म्हटलं. "पेन्सिलीनं लिहा."

त्यानं खुर्ची ओढली आणि पहिल्या मुलीला हाक मारली.